सूर जिथल्या तिथे : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज चार ओळी लिहिल्या होत्या, की हौशी समूहगानाच्या कार्यक्रमांवर पेपरात जे कौतुक छापून येतं त्यातलं निम्मं कार्यक्रम न ऐकताही लिहिता येतं. बाप्पा, त्यावर एवढी पत्रं आणि व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आले की यावेळी सगळी पानं त्यालाच देऊन टाकली. नावं छापत नाहीये, कारण एकाच वृंदातल्या तिघांनी एकमेकांविरुद्ध लिहिलंय आणि रविवारी त्यांना परत एकाच सतरंजीवर बसायचंय.

प्रश्न : ताई, आमचा ११० जणांचा हौशी वृंद आहे. बँकवाले, शिक्षिका, दोन डेंटिस्ट, रेल्वेतून रिटायर झालेले काका, सगळे. सुरेश भट सभागृहात कार्यक्रम झाला आणि दोन ठिकाणी छापून आलं. एकात फोटोसकट अर्धा कॉलम, "रसिक मंत्रमुग्ध, टाळ्यांनी सभागृह दणाणलं" वगैरे. दुसऱ्यात फक्त पाच ओळी. त्यात लिहिलंय की तिसऱ्या गाण्यात साथ थांबली, आठ ओळी नुसते आवाज होते, आणि कीबोर्ड परत आला तेव्हा सूर जिथल्या तिथे होता. शेवटच्या गाण्यात मात्र पुरुष ओरडले. ग्रुपवर जोरदार भांडण चालू आहे. बरेच जण म्हणून राहिले की हा माणूस खडूस आहे, कौतुक करायला पैसे पडतात का. तुम्हाला काय वाटतं?
— दुसऱ्या रांगेतली, मनीषनगर

उत्तर : ते पाच ओळींचं कात्रण लॅमिनेट करून ठेवा. हसू नका, खरंच सांगते. अर्ध्या कॉलमचं घरच्यांना दाखवायला बरं आहे, फोटोत तुम्ही दिसत असाल तर.

आता का ते सांगते. साथीशिवाय ११० जणांनी आठ ओळी गायच्या आणि सूर न उतरू देता परत साथीला येऊन मिळायचं, हे हौशी वृंदासाठी सगळ्यात अवघड काम आहे. लांब सुराच्या शेवटी श्वास संपत येतो तसा सूर केसभर खाली येतो, वरून खाली उतरणाऱ्या जागांवर अजून थोडा घसरतो, शेजारचा शेजारच्याला ऐकून स्वतःला जुळवून घेतो आणि गंमत म्हणजे गाणाऱ्यांना यातलं काहीच कळत नाही कारण सगळे मिळून घसरत असतात. लिफ्ट खाली जाताना आतली माणसं एकमेकांना जागच्या जागीच दिसतात ना, तसं. मग कीबोर्डवाला आठ ओळींनंतर बोट ठेवतो आणि अर्ध्या सुराचा फरक बाहेर येतो, आणि ज्यांना सारेगमपण येत नाही ते प्रेक्षकसुद्धा खुर्चीत जरा हलतात.

आमचंच सांगते. मी बावीस वर्षं गायले, नव्वद जणांच्या वृंदात. उन्हाळ्यात एका शाळेच्या हॉलमध्ये तालमी चालायच्या, मे महिना, दोन मोठे कूलर घर्रर्र करत, आणि आमचा साथीशिवायचा तुकडा इतका पक्का बसला होता की सर खूश. कार्यक्रमाला एसी हॉल मिळाला. एकदम शांत. आणि आमचा सूर जो खाली गेला तो कीबोर्ड आला तेव्हा आम्ही पार दुसऱ्या पट्टीत. नंतर कळलं की आम्ही दोन महिने कूलरच्या आवाजाला तंबोरा समजून गात होतो! त्या दिवशीही एका पेपरात "मंत्रमुग्ध"च आलं होतं.

म्हणून म्हणते, तुमच्या पाच ओळीवाल्या माणसाला कुठे कान लावून बसायचं ते माहीत होतं. कीबोर्ड परत येईपर्यंत तो श्वास धरून थांबला असेल, मी तरी थांबले असते. "जिथल्या तिथे" हे दोन शब्द त्याने खरंच ऐकून लिहिलेत, ते दुसऱ्या कुठल्या कार्यक्रमाला चिकटवता येत नाहीत. "मंत्रमुग्ध" काय, आरती ते ऑर्केस्ट्रा कुठेही चालतं. माझ्याकडे एक जुनं कात्रण आहे, त्यात आमच्या भैरवीने रसिकांचे डोळे पाणावले असं छापलंय. भैरवी झालीच नव्हती. वेळ संपली म्हणून वॉचमनने दिवे घालवायला सुरुवात केली होती. प्रेसनोट दुपारीच गेलेली असणार, दुसरं काय.

आणि पुरुष ओरडले हेही मान्य करा. त्यात त्यांचा दोष कमी आणि पट्टीचा जास्त. आपल्याकडे पुरुष काळी एकमध्ये (पेटीची पहिली काळी पट्टी सा धरून) आरामात गातात, बायका काळी चारमध्ये. दोघांना एकत्र एकच चाल गायला लावली की निवडणारा मधली पट्टी धरतो, मग बायकांचे खालचे सूर पुटपुटल्यासारखे येतात आणि अंतरा तार षड्जावर, म्हणजे वरच्या सा वर गेला की पुरुषांच्या मानेच्या शिरा दिसायला लागतात. इलाज सोपा आहे, त्या ओळींना पुरुषांना वेगळी खालची चाल द्या नाहीतर ती ओळ बायकांनाच देऊन टाका. सरांशी बोला. त्या समीक्षकाने तुम्हाला फुकटात सल्ला दिलाय.

प्रश्न : हौशी कलाकारांना जरा सूट द्यायला नको का? दिवसभर ऑफिस करून, पोरांचे डबे करून ही माणसं तालमीला येतात. त्यांना व्यावसायिकांच्या मापाने मोजणं क्रूरपणा आहे.
— एक नवरा (बायको वृंदात आहे), त्रिमूर्तीनगर

उत्तर : दादा, भावना पोचली. पण सूट दिलेली स्तुती ऐकणाऱ्याला कळते हो. "नोकरी सांभाळून किती छान गातात" हे वाक्य वाचून तुमच्या बायकोला आनंद झाला का, खरं विचारा. त्यात गाण्याबद्दल काही नाहीये, डब्यांबद्दल आहे.

इंग्लंडमध्ये मोठे कोरस बहुतेक हौशीच असतात, शेकडो माणसांचे, आणि ते नावाजलेल्या ऑर्केस्ट्राबरोबर गातात. १९५७ मध्ये लंडनला फिलहार्मोनिया कोरस सुरू झाला तोही हौशी गायकांचा, पण त्यांना तयार करायला जर्मनीतून विल्हेल्म पिट्झ आणला, जो बायरॉइटच्या ऑपेरा महोत्सवाचा कोरस तयार करायचा. त्यांच्या गाण्याचं कौतुक झालं ते गाण्यासाठी झालं, ही माणसं दिवसा काय काम करतात ते विचारून नाही.

आणि उलटंही झालंय. १९०० सालच्या ऑक्टोबरमध्ये बर्मिंगहॅमला इंग्रज संगीतकार एल्गार याची "द ड्रीम ऑफ जेरॉन्शियस" ही मोठी रचना पहिल्यांदा गायली गेली. कोरस तयार करणारा माणूस जूनमध्येच वारला, मग रिटायर झालेल्या एका म्हाताऱ्या संचालकाला परत बोलावलं, त्यात छापील प्रती उशिरा आल्या, रचना नवीन आणि अवघड, आणि कार्यक्रमात कोरस पार ढेपाळला. एल्गार कोलमडलाच. पण तिथल्या बऱ्याच समीक्षकांनी एक गोष्ट नीट केली, रचना वेगळी ऐकली आणि गाणं वेगळं ऐकलं. गाणं फसलं पण चीज मोठी आहे, असं त्यांनी ओळखलं. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फला तीच रचना नीट तयारीने झाली आणि गाजली.

हे मुद्दाम सांगते कारण आपल्याकडे याच्या नेमकं उलट होतं. लोकांच्या आवडीची कविता, लहानपणापासून ऐकलेली चाल, ती सुरू झाली की पहिल्या ओळीलाच टाळ्या. मग परीक्षणात "भावस्पर्शी" येतं आणि वृंदाला वाटतं आपलं कौतुक झालं. कौतुक कवीचं झालेलं असतं.

सूट द्यायचीच तर अपेक्षेत द्या. वर्षाला दोन कार्यक्रम करणाऱ्यांनी बारा नव्या रचना घेऊ नयेत, सहा घ्याव्यात. ऐकताना सूट नको.

प्रश्न : हे कॉयर प्रकरण चर्चमधलं. आपल्या गाण्यात एकट्याने गायचं असतं, राग खुलवायचा असतो. आपल्याकडे ही परंपराच नाही तर समीक्षक कुठून आणणार?
— संगीत विशारद, महाल

उत्तर : सर, आदरपूर्वक असहमत. तुम्ही महालात राहता, म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची सामुदायिक प्रार्थना कधीतरी कानावर पडलीच असेल. आपल्या विदर्भात गावोगावी माणसं संध्याकाळी एकत्र बसून एका सुरात म्हणतात आणि खंजिरी भजनाला शंभर टाळ एकदम पडतात, हे समूहगान नाही तर काय? दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला वंदना सुरू होते तेव्हा हजारोंचा एक आवाज उठतो, तो ऐकून अंगावर काटा न आलेला माणूस मला अजून भेटायचाय. हां, ते कार्यक्रम म्हणून कोणी करत नाही आणि तिथे परीक्षण लिहायला कोणी जाऊही नये.

मंचावरचं म्हणाल तर संगीतकार वसंत देसाईंनी हजारो शाळकरी मुलांना एकत्र गायला लावलं. मुंबईत व्हिक्टर परंज्योतींचा कोरस १९५६ चा, कलकत्ता यूथ कॉयर १९५८ चा, मद्रासला एम. बी. श्रीनिवासन यांनी यूथ कॉयर बांधला. सगळे आपल्याच देशातले, आणि बहुतेक भाषा आपल्याच. समीक्षक मात्र खरंच कमी आहेत. ख्यालाची मैफल ऐकणारा समीक्षक समूहगानाला येतो आणि हरकती, म्हणजे एकट्या गळ्याच्या छोट्या सुरावटी, शोधत बसतो, त्या तिथे नसणारच. मटणाच्या दुकानात जाऊन संत्र्याचा भाव विचारल्यासारखं होतं ते.

प्रश्न : आम्ही ४० होतो, आता १२० झालो. प्रत्येक परीक्षणात "भव्य" हा शब्द येतो, तरी आवाज तिप्पट मोठा झाला असं मला काही वाटत नाही. माझा कान खराब आहे का?
— इंजिनीयर आणि बेस (सगळ्यात खालचा पुरुषी आवाज), रामदासपेठ

उत्तर : कान उत्तम आहे. तुम्ही इंजिनीयर आहात म्हणून आकड्यात सांगते : गाणारे तिप्पट झाले की पाचेक डेसिबलचा फरक पडतो. दहापट माणसं आणली तर दहा डेसिबल, आणि तेवढ्याने आपल्या कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे बारा जणांच्या दुप्पट दणका हवा असेल तर १२० माणसं लागतात! नुसत्या आवाजासाठी माणसं वाढवणं हा तोट्याचा धंदा आहे.

त्यात मंच रुंद झाला. ध्वनी सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो, म्हणजे एका टोकाच्या तबल्याचा ठेका १४ मीटरवरच्या माणसाला सेकंदाच्या पंचविसाव्या भागाने उशिरा पोचतो. ऐकायला काहीच नाही वाटत. पण त्या टोकाचे दहा जण कानावर गात असतील आणि सरांच्या हाताकडे बघत नसतील तर त्यांचे शब्द मागून येतात, आणि "प्रकाश"मधला तो शेवटचा श प्रेशर कुकरच्या वाफेसारखा या टोकापासून त्या टोकापर्यंत सुसाट पसरत जातो. बघा पुढच्या तालमीत. माझ्या मते हौशी वृंदाची लायकी शेवटच्या व्यंजनावर कळते, पहिल्या सुरावर नाही.

अजून एक नागपूरची खास गोष्ट. "जग" म्हणजे दुनिया आणि "जग" म्हणजे जगून घे, दोन्हीतला ज वेगळा. आपल्याकडे हिंदी, बंगाली, तेलुगू घरातली मंडळी वृंदात असतात, असायलाच हवीत, शाळेत पण आपण हिंदीतच भांडलोय, तर निम्मे लोक एक ज म्हणतात आणि निम्मे दुसरा, आणि शंभर जणांत तो शब्द धूसर होतो. हे एका तालमीत दुरुस्त होतं, कोणी सांगितलं तर.

भव्यतेचा हा किस्सा जुना आहे. संगीतकार हँडेलची "मसाया" ही रचना १७४२ मध्ये डब्लिनला पहिल्यांदा झाली तेव्हा गायला तीसेक माणसं होती. १७८४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत गाणारे-वाजवणारे मिळून पाचशेच्या वर. १८५९ ला क्रिस्टल पॅलेसमध्ये नुसते गाणारेच अडीच हजारांच्या वर! मग १८९१ मध्ये बर्नार्ड शॉ, जो तेव्हा संगीत समीक्षक होता, वैतागून म्हणाला की हा प्रचंड कंटाळा पुरे, वीस चांगले गाणारे घेऊन कोणीतरी हे एकदा नीट करा रे. मला शॉचा वैताग कळतो, पण मी पूर्ण त्याच्या बाजूची नाही. जपानमध्ये ओसाकाला १९८३ पासून दर डिसेंबरात दहा हजार माणसं बेथोव्हनच्या नवव्या सिंफनीचं गाणं गातात. तिथे कोणाला सूक्ष्म कारागिरी नको असते, त्या दिवसाचा आनंद निराळा.

पण तुम्ही १२० आहात, दहा हजार नाही, तर तुमची खरी ताकद सांगते. हळू गा. १२० जण एकदम हळू गातात तेव्हा जो आवाज येतो तो बारा जणांकडून कधीच येत नाही, कारण त्यात कोणा एकाचा गळा ऐकू येत नाही, श्वाससुद्धा ऐकू येत नाही (आळीपाळीने घेता येतो ना, शेजारचा घेत असेल तेव्हा तुम्ही धरून ठेवायचं), नुसती हवा गाते असं वाटतं. देशपांडे सभागृहात मी एका वृंदाचं असं गाणं ऐकलं होतं, शेवटच्या रांगेत बसून, आणि माझ्या शेजारच्या आजोबांनी खिशातली खोकल्याची गोळी काढली होती, ती कागद वाजेल म्हणून तशीच हातात धरून बसले. मी त्या कार्यक्रमावर लिहिलं तेव्हा त्या गोळीबद्दलच लिहिलं. वृंदाच्या अध्यक्षांचा फोन आला, मॅडम तुम्ही "भव्य" कुठेच नाही लिहिलं.

प्रश्न : माहितीपत्रकात परीक्षणातली वाक्यं टाकायची आहेत. पूर्ण टाकली तर जागा नाही, तोडून टाकली तर चालेल ना?
— सेक्रेटरी, धरमपेठ

उत्तर : तोडा, पण मान तोडू नका. मी एकदा लिहिलं होतं, "निवेदन अप्रतिम, गाणं मात्र अजून कच्चं." पुढच्या वर्षीच्या पत्रकावर माझ्या नावाने काय छापलं असेल? "अप्रतिम." एवढंच. पुढे तीन उद्गारचिन्हं, ती त्यांच्या खर्चाने.

एकच करा, ज्या वाक्यात एखाद्या गाण्याचा, एखाद्या जागेचा उल्लेख आहे तेच घ्या, आणि खाली तारीख टाका. दहा वर्षं जुनं कौतुक आजच्या वृंदाचं नसतं, तेव्हाचे अर्धे लोक पुण्याला मुलांकडे गेलेले असतात.

प्रश्न : माझं वय ७१. वृंदात अठरा वर्षं आहे. यावेळी परीक्षणात आलं की "सगळे आवाज एकजीव". सगळे खूश. पण कार्यक्रमाआधी आम्हा पाच-सहा जुन्यांना सांगितलं होतं की अवघड जागी नुसते ओठ हलवा. मी हलवले. आता सगळे त्या ओळीचं स्टेटस ठेवून राहिले आणि मला ते ठेवावंसं वाटत नाही. मी चुकीचा विचार करतोय का?
— पुरुष विभाग, तिसरी रांग, जरीपटका

उत्तर : काका, तुमचं पत्र दोनदा वाचलं.

चुकीचा नाही. आणि समीक्षकही खोटा नाही, त्याने जे ऐकलं ते एकजीवच होतं. फक्त ते पाच-सहा आवाज कमी होते हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. वयाने आवाज थरथरतो, वर जाताना फाटतो, आणि तो एक थरथरता आवाज शंभरात वेगळा ऐकू येतो हे खरंय, मी ते पुरुष विभागात आणि बायकांतही पाहिलंय, माझ्या स्वतःच्या गळ्यातही. म्हणूनच मी थांबले. पण ओठ हलवायला लावणं हा आळस आहे. तुमच्यासारख्यांना रांगेच्या टोकाला न ठेवता मध्ये, दोन दमदार तरुण आवाजांच्या मधे उभं करायचं, वरच्या ओळी सोडून खालच्या द्यायच्या, आणि लांब सूर अर्धाच धरायला सांगायचा. जुन्या माणसांना शब्द पाठ असतात, ठेका पक्का असतो, तरुण पोरं त्यांच्याकडे बघून उठाव घेतात, हे कुठल्याच परीक्षणात येत नाही.

सरांना फोन करू नका, तालमीच्या आधी दहा मिनिटं जाऊन समोर बसून बोला. आणि म्हणा की मला दोन खालच्या ओळी द्या, तेवढ्या मी गाईन, बाकीच्यांत गप्प उभा राहीन, तोंड मिटून. ओठ हलवणार नाही म्हणा.

पुढचा कार्यक्रम कधी आहे तेवढं कळवा, तिसऱ्या रांगेकडे माझं लक्ष राहील.